काहीतरी घडले

मी बी. कॉम. आहे. म्हणजे वाङ्मयावर बोलण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, असे विद्यापीठाने लेखी दिल्यासारखेच आहे. वाङ्मयाशी माझा जाहीर संबंध आला तो एकदाच. १९९५ साली परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, नारायण सुर्वे अध्यक्ष होते, आणि मांडवात पाण्याचे जग घेऊन फिरणाऱ्या शाळकरी पोरांत मी होतो. त्या दिवसांत मी महाराष्ट्रातल्या पुष्कळ समीक्षकांना पाणी पाजले आहे. तेवढ्या पुण्याईवर आज ही समीक्षा लिहायला बसलो आहे.

समीक्षेसाठी मी कादंबरी घेतलेली नाही. कादंबरी वाचायला सवड लागते. मी परभणीहून सेलूला रोज गाडीने अप-डाऊन करतो, पण गाडीत डोळा लागतो आणि शाखेत डोळे उघडे ठेवून जे वाचावे लागते ते सगळे पडद्यावर असते. गेल्या वीस वर्षांत मी सर्वांत जास्त वाचलेला मजकूर कोणता, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे: ‘अपडेट पूर्ण होऊ शकले नाही. बदल मागे घेत आहोत. संगणक बंद करू नका.’

तीन वाक्ये. मूळ इंग्रजीत आहेत, अनुवाद अस्मादिकांचा. आता हा मजकूर जरा जवळून पाहू. पहिल्या वाक्यात कर्ताच नाही. अपडेट पूर्ण होऊ शकले नाही, म्हणजे कुणामुळे? अपडेटच्या प्रकृतीमुळे? ग्रहमानामुळे? आमच्या खात्यात ‘रक्कम गहाळ झाली’ असे लिहिणाऱ्या कॅशियरला मेमो मिळतो; इथे तसे लिहिणाऱ्याला पगार मिळतो. दुसऱ्या वाक्यात एकदम ‘आहोत’ येते. पहिल्या वाक्यात कुणीच नव्हते, आणि मागे घ्यायची वेळ आली तेव्हा मंडळी एकदम अनेकवचनात हजर! तिसरे वाक्य हे शुद्ध आज्ञार्थी. चूक कुणाची ते ठाऊक नाही, दुरुस्ती कोण करतोय ते ठाऊक नाही, पण बंद करू नका हे मात्र मला, कारकुनाला, उद्देशून.

आमच्या भागात एक म्हण आहे, ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’. अपडेटचे सारे तत्त्वज्ञान या म्हणीत आले. टक्के चढत जातात. तीस. सत्तर. नव्व्याण्णव. नव्व्याण्णववर यंत्र एवढा वेळ थांबते की रांगेतला माणूस देवाचे नाव घेतो. आणि मग ‘बदल मागे घेत आहोत’. बनले नाही, चला परत परभणीला.

या वाङ्मयाची अभिजात परंपरा पाहायची तर २०१५ साली जावे लागेल. त्या वर्षी विंडोज १० आले, आणि ते बसवताना अडले की काही संगणकांवर एक छोटी चौकट येई. तिचे शीर्षक होते: काहीतरी घडले. आणि शीर्षकाखालचा मजकूर: काहीतरी घडले. संपले. त्या काळी जगभर लोकांनी या चौकटीची टिंगल केली. मला मात्र तो लेखक प्रामाणिक वाटला. त्याला ठाऊक नव्हते, आणि त्याने तसे दोनदा सांगितले.

त्यानंतरचे वाङ्मय अधिक विद्वान झाले आणि तिथेच घसरले. जानेवारी २०२४ मध्ये त्याच विंडोज १० साठी सुरक्षेचे एक अपडेट आले. असंख्य संगणकांवर ते बसेना, आणि पडद्यावर येई एक आकडा: झीरो-एक्स-८००७०६४३. या आकड्याचा अर्थ शोधत गेले की सापडे: बसवणे अयशस्वी. म्हणजे अपडेट का बसले नाही? तर ते बसले नाही म्हणून. आम्ही कर्जाच्या अर्जावर ‘नामंजूर; कारण मंजूर झाले नाही’ असा शेरा मारला तर शेतकरी शाखेत बैलगाडी घालील. खरे कारण साधे होते. संगणक बिघडला तर सावरण्यासाठी डिस्कवर एक राखीव कोपरा असतो, तो कोपरा कमी पडत होता. आणखी २५० मेगाबाइट जागा हवी होती. हे त्या चौकटीत एका ओळीत मावले असते. पण ती ओळ कंपनीच्या संकेतस्थळावर गेली, आणि तिच्यासोबत जागा कशी वाढवायची त्याच्या आज्ञांची अशी यादी, की ती वाचून सामान्य माणसाने सत्यनारायण घालावा.

आता कुणी म्हणेल, एवढा त्रास होतो तर अपडेट करूच नका. हे मात्र समीक्षकाला म्हणता येत नाही. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ नावाच्या व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली, इंग्लंडात सरकारी रुग्णालयांनी रोग्यांना परत पाठवले. त्या चोराचे दार बुजवणारे अपडेट मार्चमध्येच, दोन महिने आधी, येऊन पडले होते. लोकांनी ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबले होते. ते बटण मीही दाबतो.

हे झाले जगाचे. आमच्या शाखेत जे झाले ते लहान आहे, पण माझी समीक्षा तिथेच जन्माला आली.

आमच्याकडे तीन नंबरच्या काउंटरवर अंगठ्याचे यंत्र आहे. ज्यांना सही येत नाही, त्यांचा व्यवहार तिथे. ते यंत्र तीन नंबरच्या संगणकालाच जोडून नोंदवलेले. दुसऱ्याला जोडले तर सख्ख्या भावासारखी ओळख विसरते. एका सोमवारी तीन नंबर उघडला तो पडद्यावर तीच तीन वाक्ये. मंगळवारीही तीच. अँटिव्हायरसचे अपडेट बरेच दिवस झालेले नव्हते, तेव्हा बुधवारी मध्यवर्ती नेटवर्कने या संगणकाला वाळीत टाकले. नियमच तसा आहे: ज्याला लस टोचलेली नाही त्याने पंगतीत बसू नये. पण लस येते ती नेटवर्कवरून. म्हणजे अपडेट नाही म्हणून नेटवर्क नाही, आणि नेटवर्क नाही म्हणून अपडेट नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत.

हेल्पडेस्कला फोन लावला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलला. म्हणाला, ‘सर, रीस्टार्ट करके देखिये.’ केले. ‘केबल निकालके लगाइये.’ लावली. ‘अब फिरसे रीस्टार्ट.’ एकदा तर मी त्याच्या आधीच म्हणालो, ‘बाळ, रीस्टार्टच ना?’ तो म्हणाला, ‘जी सर, आपको अच्छा अनुभव है.’ मग त्याने तक्रारीला एक लांबलचक नंबर दिला, तो मी श्रद्धेने वहीत उतरवून घेतला.

काउंटरसमोर एक आजी होत्या. निराधार योजनेचे दीड हजार रुपये त्यांच्या खात्यात आले होते. आमच्याकडे या पैशाला ‘पगार’ म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. आयुष्यभर राबल्याचा तेवढाच मिळतो. सोमवारी त्या आल्या, मंगळवारी आल्या, बुधवारीही आल्या.

‘लेकरा, माझा पगार झाला का?’

‘पगार आलाय आजी, मशीन बंद आहे.’

‘काय म्हनती मशीन?’

आता काय सांगू? मी त्यांना पडद्यावरचा मजकूर जमेल तसा सांगितला. म्हटले, मशीनमध्ये बदल करत होते, ते जमले नाहीत, आता केलेले बदल मागे घ्यायलेत.

आजी म्हणाल्या, ‘दिलेलं मागं घ्यायलेत? मंग ती मशीन काय अन् सावकार काय!’

या मजकुरावर मी आजवर वाचलेले हे सर्वांत नेमके भाष्य. पुढे त्यांनी सांगितले की एसटी म्हातारीला फुकट आहे, पण घरी दोन शेळ्या आहेत आणि त्या रोज शेजारणीच्या भरवशावर सोडता येत नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या काही बोलल्या नाहीत. बाकड्यावर जाऊन बसल्या, पासबुक पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि दर पंधरा मिनिटांनी माझ्याकडे नुसते पाहत. मी वीस वर्षांत शेरे खाल्ले, मेमो खाल्ले, इन्स्पेक्शनच्या साहेबांची बोलणी खाल्ली. ते पाहणे मला पचले नाही. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

गुरुवारी सकाळी आमचे शिपाईमामा झाडता झाडता थांबले आणि म्हणाले, ‘सायेब, ह्ये तीन नंबर रोज सकाळी एक जानेवारी दाखवायलंय. ह्याला रोजच नवं साल का?’

मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले. १ जानेवारी २०१५.

वाचकहो, मी बँकेत आहे. तारीख हा आमचा धर्म आहे. चेकवर पुढची तारीख असली की तो आम्ही परत करतो, मग खाली सही जिल्हाधिकाऱ्याची का असेना. आणि चार दिवस माझ्या नाकासमोर चुकीची तारीख उभी होती आणि मी आकडे वाचत बसलो होतो! संगणकाच्या पोटात एक चपटा बटणसेल असतो, रुपयाच्या नाण्यासारखा, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे एवढेच त्याचे काम. तो संपला की वीज गेली रे गेली, यंत्र तारीख विसरून आपल्या जन्मसालाकडे परत जाते. नेटवर्कवरून वेळ घेण्याची सोय होती, पण ती या संगणकावर कुणी चालू केलेलीच नव्हती.

आता पुढची गंमत ऐका. अपडेट पाठवणारा सर्व्हर आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध’ असे असते. २०१५ मध्ये राहणाऱ्या यंत्रापुढे अलीकडच्या तारखेचे प्रमाणपत्र आले, म्हणजे काय झाले? पुढच्या तारखेचा चेक! आणि यंत्राने तो परत केला. म्हणजे चार दिवस ज्याला मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो, ते यंत्र चोख बँक कर्मचाऱ्यासारखे वागत होते. त्याची चूक एकच, की चेक परत करताना जोडायचा कारणाचा कागद त्याने लिहिला नाही. ‘माझ्या घड्याळात २०१५ साल आहे, हे बरोबर आहे का?’ एवढे एक वाक्य पडद्यावर आले असते तर मी उठून उभा राहिलो असतो आणि त्याला वाङ्मय म्हटले असते. आले काय? आकडा.

सेल स्टँडजवळच्या घड्याळवाल्याकडे मिळाला, पन्नास रुपयांच्या आत. मामांनीच आणला. तारीख लावली, हेल्पडेस्कने यंत्राला वाळीतून काढले, अपडेट उतरले, टक्के शंभर झाले. यथावकाश त्या लांबलचक नंबरावर शेरा आला: ‘दूरस्थ पथकाने समस्या सोडवली. तक्रार बंद.’ दूरस्थ पथक म्हणजे घड्याळवाला असावा. तो स्टँडवर बसतो, आमच्यापासून बराच दूर.

पण सेल संपला का? यासाठी मला कपाटातून परिपत्रके काढावी लागली. समीक्षेत याला पाठचिकित्सा म्हणतात असे कळते. एक परिपत्रक सांगते की आगीचा धोका टाळण्यासाठी शाखा सोडताना मेन स्विच बंद करावा, अन्यथा जबाबदारी संबंधितांची. दुसरे सांगते की अपडेट रात्री उतरते, सबब संगणक रात्री चालू ठेवावेत, अन्यथा जबाबदारी संबंधितांची. (मायक्रोसॉफ्टची महिन्याची अपडेटे २००३ पासून दुसऱ्या मंगळवारी निघतात, तिथली सकाळ म्हणजे आपल्याकडची झोपायची वेळ. एकादशीसारखे नेमाचे आहे, फक्त उपास यंत्राला नसून ग्राहकाला घडतो.) दोन्ही परिपत्रके एकाच इमारतीतून निघालेली, दोन्हींवर सह्या, दोन्हींत ‘संबंधित’. हे ‘संबंधित’ म्हणजे बँकेच्या वाङ्मयातले सर्वांत थोर पात्र. पानापानावर उल्लेख, रंगमंचावर प्रवेश नाही.

मामा वर्षानुवर्षे पहिले परिपत्रक पाळत होते. रोज रात्री मेन स्विच खाली. त्यामुळे रात्रीची अपडेटे उतरत नव्हती, ती सकाळी दहाला ग्राहकांसमोर उतरू बघत. आणि वीज रोज रात्रभर बंद, म्हणून घड्याळाचा सगळा भार त्या बिचाऱ्या बटणावर. साहेबांनी वर पत्र टाकले की दोहोंपैकी कोणते पाळावे. उत्तर आले: ‘दोन्ही परिपत्रकांचे काटेकोर पालन करावे.’

असे उत्तर वाचले की मला १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतो. त्या सकाळी आपल्या घड्याळात ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक फाइल जगभर सोडली आणि ८५ लाख संगणक निळे पडले. ७८ मिनिटांत चूक उमगून फाइल मागे घेतली, पण जे पडले ते पडले. सुरू होत, निळे होत, पुन्हा सुरू होत. बर्लिनच्या विमानतळावर उड्डाणे काही तास थांबली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. त्यांचे फोटो लोक कौतुकाने फिरवत होते आणि मी मात्र त्यातले अक्षर तपासत होतो. कारकुनी अक्षर नव्हते. रिझर्व्ह बँकेने सांगितले की देशातल्या दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. आमचे त्या कंपनीशी देणेघेणे नाही, त्यामुळे आमचे काउंटर सुरळीत चालू. ‘जगात जर्मनी, देशात परभणी’ असे आम्ही लहानपणापासून उगाच म्हणत आलो. त्या दिवशी जर्मनी थांबली होती आणि परभणी चालू होती. गाडीतली अप-डाऊनवाली मंडळी संध्याकाळी फार खुशीत होती.

दुरुस्ती मात्र दूरस्थ पथकाच्या हातात नव्हती. प्रत्येक यंत्रापाशी माणसाने स्वतः जायचे, ते सेफ मोडमध्ये उघडायचे, सी-०००००२९१ ने सुरू होणारी फाइल शोधून पुसायची. डिस्कला कुलूप असेल तर ४८ आकडी किल्ली घालायची. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या ग्राहकांना सांगितले, रीस्टार्ट करत राहा, काहींना पंधरा वेळा लागले. हे वाचून आमच्या हेल्पडेस्कच्या मुलाबद्दल माझा आदर वाढला. आणि त्या ७८ मिनिटांत ज्यांची यंत्रे बंदच होती, ती वाचली. म्हणजे जगात कुठे तरी एखाद्या उशिरा येणाऱ्या शिपायाने एखादी कचेरी वाचवली असणार.

पुढे ऑगस्टमध्ये त्या कंपनीने कारणांचा अहवाल काढला. तो मला वाङ्मय म्हणून आवडला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. कारण त्यात आकडेमोड कारकुनाला समजेल अशी आहे: नव्या फाइलीत २१ रकाने अपेक्षित होते आणि वाचणाऱ्या प्रोग्रामला २० च पुरवले होते. एकविसावा वाचायला गेला आणि कोसळला. व्हाउचरमध्ये रकाना जास्त आणि लेजरमध्ये कमी, हे आमच्याकडेही होते. फक्त आमच्याकडे त्यामुळे बर्लिनची विमाने थांबत नाहीत. एक गोष्ट मात्र मला माफ करवत नाही. ती फाइल त्यांनी आधी थोड्या यंत्रांवर सोडून पाहिली नाही, सगळीकडे एकदम सोडली. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ ही भेंडी काढली ती पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणूला दाद देत नाही म्हणून. म्हणजे तोही अँटिव्हायरसच! पण कुठलेही वाण सोडण्याआधी ते ठिकठिकाणी पेरतात, हंगाम जाऊ देतात, पाने मोजतात, मग शेतकऱ्याच्या हाती देतात. भेंडीला जे कळते ते फाइलीला का कळू नये?

असो. आमच्या शाखेत शेवटी वायरमन आला आणि एका दुपारी दोन लाइनी वेगळ्या केल्या. दिवे-पंख्यांचा खटका निराळा, संगणकांचा निराळा. पहिला रात्री पाडायचा, दुसरा चालू ठेवायचा. दोन्ही परिपत्रके काटेकोर पाळली गेली आणि दोन्ही थोडी थोडी मोडली गेली. दुसऱ्या खटक्यावर मामांनी पैसे भरायच्या स्लिपच्या कोऱ्या बाजूला स्केचपेनने लिहून चिकटवले:

‘ह्यो खटका रात्री पाडू नये. कंप्युटर रात्री शिकतेत. लाइट-पंख्याचा खटका खाली हाय, त्यो पाडावा. काही आडलं तर मला इचारा. शिपाई.’

शुद्धलेखनाचे जाऊ द्या. काय करू नये, का करू नये, त्याऐवजी काय करावे, आणि अडले तर कुणाला विचारावे. लिहिणाऱ्याने खाली स्वतःचा हुद्दाही घातला आहे. मी गेल्या वीस वर्षांत वाचलेल्या तांत्रिक वाङ्मयात याच्या जवळपास जाणारे काही नाही. मुख्यालयाकडे पाठवावे असा विचार होता, पण तिथून ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’ असे उत्तर येईल म्हणून ठेवून दिला.

आजी त्या गुरुवारी दुपारी सव्वा वाजता अंगठा लावून गेल्या. पाचशेच्या तीन नोटा त्यांनी दोनदा मोजल्या. पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा खटक्यावरचा कागद त्यांना दिसला. ‘काय लिवलंय रं त्यात?’ मी वाचून दाखवले. त्यांनी नीट ऐकून घेतले, आणि म्हणाल्या, ‘मंग त्ये आधी का नाही लिवलं?’